सात शतांश

वृषभ चौगुलेनं गोणपाट सोडलं.
ब्लॉकच्या कडेला खंडेनवमीची हळद अजून होती.
"तिसरा सिलिंडर बघा," म्हणाला.
बघितला.
कुठल्यातरी मोठ्या शहरात स्लीव्ह बसवलेल्या,
खाली पायरीच ठेवलेली नाही.
वर टर्बोचा वीस पौंड दाब,
तिसरी स्लीव्ह बसली खाली, केसाइतकी,
आणि केसाइतक्या फटीतून
पाणी निघालं तेलाला भेटायला.

"नवीन बसवली तर टिकतंय न्हवं, मास्तर?"

उद्यमबागेत हेच विचारतात सगळे.
ट्रॅक्टरवाले कन्नडमध्ये, क्रेनवाले मराठीत,
आमचा इरफान सनदी नुसत्या भुवया उडवून.
माझं उत्तर ठरलेलं. नोडोण. बघू.
शेडची पाटी कन्नड, बिलबुक मराठी,
गॅरंटी हा शब्द दोन्हीवर नाही.

ऐक, म्हटलं.
अ‍ॅल्युमिनियम तापलं की पसरतं
बिडाच्या दुप्पट.
म्हणजे ब्लॉकची पकड सैल पडते
नेमकी तेव्हा, जेव्हा तू पाय दाबून धरलेला असतोस.
म्हणून थंडपणीच जरा जास्त आवळून ठेवायचं.
किती जास्त?
मिलिमीटरचे सात शतांश.
पाच धरले तर घाटात स्लीव्ह हलणार,
नऊ धरले तर दोन सिलिंडरांमधली भिंत तडकणार.
हे सात पुस्तकातले नाहीत,
कल्लाप्पा मुचंडीकराचे आहेत.
डाव्या हाताला साडेतीन बोटं,
मायक्रोमीटर कानाशी धरायचा तो:
रॅचेटची टिक तीनदा. चौथी ऐकू आली
तर मागच्या मागे टपली.

शहापुरातली एक बेकरी बंद पडली,
तिची भट्टी आमच्याकडे आहे.
पहिलं वर्षभर प्रत्येक ब्लॉकला
खारीचा वास यायचा.
दीडशे डिग्री, दोन तास.
स्लीव्ह तिकडे आईस्क्रीमवाल्याच्या कोरड्या बर्फात.
मग हातमोजे घालून सरळ धरायची
आणि सोडून द्यायची.
ठोकायची नाही. ठोकावी लागली
तर चूक हातोडीच्या आधीच झालेली असते.

पहिली: टक्.
दुसरी: टक्.
लाईट गेली.
इरफाननं मोबाइलचा उजेड धरेपर्यंत
तिसरी दोन बोटं वर अडकली, तिरकी.

प्रेसवर दाबून बसवता आली असती.
वरून घासून सारखी केली असती,
वृषभला कळलं नसतं.
इरफानला कळलं असतं.
तो काही बोलला नसता, ते आणखी वाईट.

काढली. बोअरला ओरखडा गेला.
तो घालवायला बोअर वाढवला,
कोईमतूरहून जाड स्लीव्ह मागवली,
नऊ दिवस थांबलो.
वृषभ रोज संध्याकाळी तिसऱ्या गेटजवळून फोन करायचा,
मागे मालगाडीचा आवाज,
आणि मी रोज वेगळं खोटं बोलायचो.
जादाचे पैसे बिलात धरले नाहीत.
का, ते सांगितलंही नाही.

शिवरात्रीनंतर आला.
चालत. हातात हेल्मेटसुद्धा नाही.
माझ्या पोटात तेच पाणी, तेच तेल.

"बहात्तर वेळा चोर्ला चढलो," म्हणाला,
"वहीत लिहून ठेवलंय."
"आणि?"
"ब्लॉक ठणठणीत हाय.
गिअर गेले."

मी बसलो. स्टुलावर नाही, बिडाच्या भुशावरच.
तर हे असं असतं.
स्लीव्हनं मार सोसला, मागे सारला नाही,
पुढच्या माणसाकडे पाठवला.
एवढंच जमतं आम्हाला:
मोडणं एक घर पुढे सरकवणं.

मच्छ्याच्या रस्त्याला एक गिअरवाला आहे,
त्याचा नंबर दिला.
वृषभनं तो लिहून घेतला,
दारापर्यंत गेला, वळला.
"त्याचे तर टिकतील न्हवं?"

मी तोंड उघडायच्या आत
भट्टीमागून इरफान म्हणाला,
"नोडोण."